टाकी थंड होतेय

कुठलंही झाकण लावण्याआधी मास्तर त्यावर तीनदा टकटक करायचे आणि आतून उत्तर यायची वाट बघत थांबायचे. डिझेलच्या टाकीचं झाकण असेल तर एक वेळ समजू शकते. पण हा माणूस ऑफिसातल्या पोलादी कपाटावर टकटक करायचा, चहापत्तीच्या डब्यावर करायचा, स्वतःच्या जेवणाच्या डब्यावरसुद्धा करायचा. डब्यात उरलेलं काय, तर दोन घास भात आणि कुळथाची पिठी. तिथून कोण उत्तर देणार? तरी मास्तर थांबायचे. मान तिरकी, डोळे मिटलेले, ओठ काहीतरी मोजतायत. मोजून झालं की "नाय कोण" असं स्वतःशीच पुटपुटायचे आणि झाकण लावायचे.

पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. दहाव्यांदा पाहिलं तेव्हा मात्र अंगावर काटा आला. तोपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं की हा माणूस गंमत म्हणून किंवा सवय म्हणून थांबत नाही. आत कोणीतरी असेल, या धास्तीने थांबतो.

ही ऐंशीनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. आमचं ऑफिस अंधेरीला होतं आणि दगडाची खाण दहिसरला, डोंगराच्या बाजूला. डोंगर फोडायचा, जमीन सपाट करायची आणि बुलडोझर, डंपर वगैरे यंत्रं इतरांना भाड्याने द्यायची, हा कंपनीचा धंदा. मला टाइपिंगसाठी घेतलं होतं. पण खरेदीच्या टेबलावरचा माणूस नोकरी सोडून आखातात गेला आणि साहेबांनी मला त्याच्या खुर्चीत बसवलं. विक्रोळीच्या चाळीतली सव्वीस वर्षांची मुलगी ग्रीस आणि गिअर ऑइलची दरपत्रकं मागवतेय, याची खाणीवरच्या लोकांना फार मौज वाटायची. मी तोंडाने फटकळ होते, त्यामुळे निभावलं.

मास्तर डिझेलच्या गोदामाचे प्रमुख. त्यांनी आयुष्यात कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं, पण टाक्यांमधलं त्यांना इतकं कळायचं की सगळे टाकीमास्तर म्हणायचे. मालवणकडचे. उंच, अंगावर मांस म्हणून नाही, खाकी शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. मुंबईत तीस वर्षं काढूनही बोलणं अर्धं इथलं आणि अर्धं गावचं. टाकीकडे पाठ करून ते कधी बसत नसत. खाणीवर कोणी शीळ घातली की खेकसायचे, "गप रे, ऐकू येत नाय!" काय ऐकू येत नाही, ते विचारायची सोय नव्हती.

एकदा कपाटाने उत्तर दिलं. मास्तर महिन्याचे कागद घेऊन अंधेरीला आले होते. कागद ठेवले, कपाटाचं दार लोटलं, तीन टकटक केल्या. आतून दोन आल्या. मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी दार धाडकन उघडलं आणि दोन्ही हातांनी फायली बाहेर ओढायला सुरुवात केली. "थांब रे, थांब, काढतंय तुका," असं ते फायलींना सांगत होते. शेवटच्या कप्प्यातून एक उंदीर उडी मारून पळाला. सगळं ऑफिस पोट धरून हसलं, मीही हसले. मास्तर मात्र फायलींच्या ढिगात जमिनीवर बसून राहिले. मी पाणी नेऊन दिलं तेव्हा म्हणाले, "जितो होतो मां? उंदीर का असेना, जितो होतो." त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

दुसरी खोड दोरीची. खिशात एक सुती दोरी असायची, तिला गाठीच गाठी. खाणीवर नवा माणूस आला की मास्तर मागून येऊन त्याच्या एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत दोरी ताणायचे आणि तेवढ्यावर गाठ मारायचे. माणूस दचकायचा. तिरडीचं माप घेतात, अशी कुजबुज होती. आमचा शिपाई मला म्हणाला, "मॅडम, त्यांना पाठ दाखवू नका हां. माप घेतलेला एक जण टाकीत मेलाय म्हणतात."

"आणि माप न घेतलेले काय अमर आहेत?" मी म्हटलं.

पण आठवड्याभरात माझंही माप निघालं. "मी कशाला टाकीत उतरतेय, मास्तर?" मी वैतागून विचारलं. "कोण सांगणार," ते म्हणाले आणि गाठ घट्ट केली. त्या गाठींत एक गाठ काळी होती, बोटांनी चोळून चोळून गुळगुळीत झालेली. ती कोणाची, ते त्यांनी तेव्हा सांगितलं नाही.

त्या वर्षी कंपनीला मोठं काम मिळालं आणि यंत्रं अर्ध्या डोंगरावर पसरली. बुलडोझर काही पेट्रोलपंपावर डिझेल भरायला जात नाही, डिझेलने त्याच्याकडे जायचं असतं. तोपर्यंत आम्ही ट्रकमध्ये बॅरल ठेवून नेत होतो. हातपंपाने उपसायचं, निम्मं मातीत सांडायचं आणि तोवर यंत्रं ठप्प. साहेबांनी ठरवलं की जुन्या ट्रकवर टाकी बसवायची, तिला पंप आणि लांब पाइप लावायचा आणि तोच ट्रक डोंगरभर फिरवायचा. टाकी मी शोधायची, मास्तरांनी पसंत करायची.

या टँकरवर एक ड्रायव्हर लागणार होता. माझा दादा गिरणीचा ट्रक चालवायचा. गिरणी बंद पडून दीड वर्ष झालं होतं आणि तो घरात बसून बसून मुका होत चालला होता. चाळीच्या गॅलरीत उभा राहायचा, कोणी हाक मारली तर आत जायचा. मी साहेबांकडे शब्द टाकला. साहेब म्हणाले, "पंधरा दिवसांत टँकर सुरू करून दाखव, ड्रायव्हर तुझा." मी घरी येऊन आईला सांगितलं, दादाला सांगितलं. दादा त्या रात्री पोटभर जेवला.

मला वाटलं होतं, टाकी म्हणजे टाकी. पण मास्तरांबरोबर टाकी बघायला जाणं म्हणजे नवऱ्यामुलाच्या खडूस मामाला घेऊन मुलगी बघायला जाणं होतं. अंधेरीच्या एका वर्कशॉपात सहा हजार लिटरची नवीकोरी टाकी ट्रकवर चढवून तयार होती. जितकी मोठी तितकी बरी, असा माझा हिशेब. मास्तरांनी ती अर्ध्यापर्यंत पाण्याने भरायला लावली, ट्रक अंगणात फिरवायला लावला आणि मध्येच ब्रेक मारायला सांगितला. ट्रक थांबला, पाणी थांबलं नाही. ते पुढच्या पत्र्यावर आपटलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं आणि उभा ट्रक हातभर सरकला. नशीब, पुढे कोणी उभं नव्हतं.

"आत आडव्या भिंती नायत," मास्तर म्हणाले. "भरलेली टाकी शहाणी, रिकामी शहाणी. अर्धी झाली की तिच्या अंगात येतं. डोंगराच्या चढावर हिच्यासोबत कोण जातलो? तुझो भाऊ?"

घाटकोपरचा एक मिस्त्री ऑर्डरप्रमाणे बनवून द्यायला तयार होता. आत दोन भिंती, तळाला गाळ काढायची तोटी, वर वीस इंचांचं तोंड. मास्तरांनी त्याच्या कागदावरच्या चित्रावरही तीनदा टकटक केली आणि मान हलवली, म्हणजे पसंत. पण मिस्त्रीला दोन महिने हवे होते आणि माझ्याकडे नऊ दिवस उरले होते. "दोन महिने तर दोन महिने," मास्तर म्हणाले. "माणसाक जन्माक येऊक नऊ लागतत." मी कपाळावर हात मारून घेतला.

तिसरी टाकी साकीनाक्याला, एका भंगारवाल्याकडे. चार हजार लिटरची, जुनी पण धडधाकट. आत भिंती होत्या, पंप होता. दोन दिवसांत ट्रकवर बसवता आली असती. मला ती बघताक्षणी आवडली. मास्तरांनी झाकण उघडलं, आत नाक घातलं आणि झटक्याने मागे झाले.

"ह्याच्यात आधी काय होता?"

"डिझेलच होतं, मास्तर. आईशपथ," भंगारवाला म्हणाला.

"डिझेलाक गोड वास येणा नाय."

"अरे, धुतलीय ना यार. दोन वेळा, साबण टाकून."

मास्तरांनी दोरी काढून टाकीच्या तोंडावर आडवी धरली. पंधरा इंच. जवळजवळ सगळ्या गाठी तोंडाच्या बाहेर गेल्या. "माणूस एक हात वर करून, अंग चोरून आत जातलो," ते मला म्हणाले. "पण आत पडलो तर तो हात कोण वर करतलो?"

मग तिथेच पालथ्या बॅरलवर बसून, चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून, त्यांनी मला काळ्या गाठीबद्दल सांगितलं. वीस वर्षांपूर्वी ते दुसऱ्या एका कंपनीच्या डेपोत होते. टाकी साफ करायला एक माणूस आत उतरला होता. मास्तरांची पाळी संपली, निघताना त्यांना झाकण उघडं दिसलं, त्यांनी ते लावलं आणि कडी फिरवली. चांगलं काम केलं असंच त्यांना वाटलं. फाटकापर्यंत पोचले तेव्हा वॉचमन म्हणाला, मास्तर, टाकीतून आवाज येतोय. आता दिवसभर उन्हात तापलेलं लोखंड संध्याकाळी निवायला लागलं की टकटक वाजतं, हे डेपोत सगळ्यांना माहीत असतं. मास्तर म्हणाले, काही नाही रे, टाकी थंड होतेय.

"आणि मी घरी गेलंय," मास्तर म्हणाले. "जेवलंय. भरपेट जेवलंय गो. वॉचमन सांगत होता, काळोख पडेस्तोवर वाजत होती."

त्या माणसाचं माप त्यांनी नंतर घेतलं होतं. तेव्हापासून संध्याकाळी जिथे म्हणून लोखंड असेल तिथून त्यांना तो ठोकताना ऐकू यायचा. वीस वर्षं ते झाकणं उघडून बघत होते. "एकदा," ते म्हणाले, "एकदाच माका झाकण उघडूचा असा, आत कोणतरी जितो असताना. मगे तो गप बसतलो."

मला भरून आलं. पण खरं सांगते, त्याच वेळी रागही आला. यांच्या मेलेल्या माणसापायी माझ्या जिवंत भावाची नोकरी जाणार होती. मी परत येऊन साहेबांना सांगितलं की मास्तर वासावर अडलेत. साहेब हसले आणि म्हणाले, "त्यांचं डोकं फिरलंय, तुझं तर नाही ना? चाचणीसाठी म्हणून आण." चाचणीच्या कागदावर मास्तरांनी सही केली नाही. मी केली.

टाकी आली, ट्रकवर बसली, दादा कामावर आला. नवा शर्ट घालून आला होता. मास्तर त्याच्या मागे जाऊन उभे राहिले, दोरी ताणली आणि गाठ मारताना त्यांची बोटं अडखळली. एकोणीस इंच. दोरीवरची सगळ्यात लांबची गाठ ती. "आयक," ते दादाला म्हणाले, "काय वाटेल तां पडूदे त्या टाकयेत. सोन्याची अंगठी पडूदे. तू उतरायचं नाय." दादा मान डोलावून हसला. नंतर माझ्या कानात म्हणाला, "म्हातारा सटकलाय गं, पण जीव लावतोय."

चाचणीच्या दिवशी मी कागद घेऊन खाणीवर गेले होते. एप्रिलचं ऊन, अजून रिकाम्याच असलेल्या टाकीला हात लावला तर चटका बसत होता. खाणीवर रोज पाचच्या सुमाराला सुरुंग उडायचे. त्याआधी भोंगा वाजला की सगळ्या टाक्यांची झाकणं लावून वरच्या नाहीतर खालच्या शेडमध्ये पळायचं, हा नियम मास्तरांनीच घातलेला, कारण दगडाची धूळ डिझेलमध्ये गेली की यंत्राची वाट लागते. नियमाचा दुसरा भागही त्यांचाच होता. लावण्याआधी ठोका आणि थांबा. पहिला भाग सगळे पाळायचे, दुसऱ्याला सगळे हसायचे.

भोंगा झाला. मला नव्या टाकीचं झाकण उघडं दिसलं. मास्तर गोदामाच्या टाक्या बंद करायला गेले होते, ट्रकजवळ कोणी नव्हतं. मी पदर खोचला आणि शिडीवरून वर चढले. खालून पळणारे मजूर माझ्याकडे बघत होते. मी आत डोकावले, खरंच डोकावले. अंधार होता, काही दिसलं नाही. ठोकायला हात उचलला आणि मला एकदम लाज वाटली. एवढ्या लोकांसमोर त्या खुळ्या म्हाताऱ्यासारखं टाकीवर टकटक करून कान लावून थांबायचं? मी झाकण लोटलं, कडी फिरवली आणि उतरले.

शेडमध्ये मी विचारलं, दादा कुठाय. कोणीतरी म्हणालं, खालच्या शेडमध्ये असेल. सुरुंग उडाले, जमीन हादरली, धुळीने सगळं भगवं झालं. मग खाणीवर नेहमी पडते तशी शांतता पडली. वीसएक मिनिटांनी मोकळं झाल्याचा भोंगा वाजला तेव्हा ऊन कड्याच्या मागे गेलं होतं. सावली टाक्यांवर आली आणि त्या एकामागून एक वाजायला लागल्या. टक. टकटक. टक. मी हजारदा ऐकलेला आवाज.

मास्तर चालता चालता थांबले. त्यांनी हात वर केला.

"आयकतंस?"

"मास्तर, टाकी थंड होतेय," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तसं मी कोणाला कधी बघताना पाहिलं नाही आणि पुन्हा बघायचं नाही. मग हा साठीचा माणूस ट्रककडे धावत सुटला. गोदामाच्या सहा टाक्या वाजत होत्या, त्यांच्याकडे त्यांनी मानही वळवली नाही, थेट नव्या टाकीवर चढले. कडी फिरवली, झाकण उघडलं, आत वाकले. तेवढ्यात मला दादाच्या चपला दिसल्या. ट्रकच्या पलीकडच्या बाजूला, नीट जोडीने काढून ठेवलेल्या.

"मी लावलं, मास्तर!" मी ओरडले. "मी ठोकलं नाही!"

"रवांदे," ते वरून म्हणाले. "कॉम्प्रेसर आण. हवेचो पाइप आण. आणि दोरखंड."

सुरुंगाची भोकं पाडायचा कॉम्प्रेसर जवळच होता. त्याचा पाइप लोकांनी टाकीत सोडला, जोराची हवा आत भरायला लागली आणि तो गोड वास बाहेर येऊन सगळ्यांचं डोकं गरगरायला लागलं. मास्तरांनी शर्ट काढला. छाती भरून श्वास घेतला आणि हात वर करून त्या पंधरा इंचांच्या तोंडातून आत घसरले. टाकीच्या आत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं, हे खाणीवर सगळ्यांना ठाऊक होतं. दोनदा श्वास घ्यायला वर आले. तिसऱ्या वेळी आतून ओरडले, "ओढा!" दोरखंडाला बांधलेला दादाचा उजवा हात आधी वर आला, मग डोकं कलून आलं. खांदा अडला. चार जण ओढत होते, आणि मी तो शर्ट फाटताना, कातडी सोलवटताना बघत होते. आतून मास्तर त्याला तिरका फिरवत होते. "अंग चोर रे, बाबा, अंग चोर," असं ते शुद्ध हरपलेल्या माणसाला सांगत होते. मग तो निघाला. खाली उतरवून निजवला तेव्हा पहिले काही क्षण काहीच नव्हतं. मग छाती हलली.

मास्तर टाकीच्या तोंडातून कमरेपर्यंत वर येऊन तसेच थांबले होते. "जितो?" त्यांनी विचारलं. कोणीतरी होय म्हणालं. त्यांनी पुन्हा विचारलं. मग मी मोठ्याने म्हटलं, "जिवंत आहे, मास्तर!" आणि ते लहान मुलासारखे हुंदके देऊन रडायला लागले.

टाकी दुसऱ्याच दिवशी साकीनाक्याला परत गेली. त्यात आधी रंगात घालायचं कुठलंसं पातळ द्रव्य होतं, असं मागाहून कळलं. भिंतींच्या सांध्यांत ते मुरून राहिलं होतं आणि उन्हाने पुन्हा सुटलं. साहेबांनी घाटकोपरच्या मिस्त्रीला दोन महिने दिले, दादाची नोकरी राहिली आणि तो टँकर त्याने पुढे कैक वर्षं चालवला. झाकण कोणी लावलं, हे मास्तरांनी खाणीवर कोणाला बोलू दिलं नाही. मला स्वतःला ते जन्मभर पुरलं.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. इस्पितळात तिसऱ्या दिवशी दादा नीट बोलायला लागला. मी त्याच्या उशाशी बसून रडत रडत सगळं कबूल केलं. तो म्हणाला, "गप गं, मी तरी कुठे ऐकलं? पाना आत पडला. फिटरचा होता, म्हटलं एक मिनिटाचं काम."

"किती वेळ ठोकत होतास रे?"

"कुठे?"

"टाकीवर. आतून."

दादाने उशीवरून मान उचलली. "मी कुठे ठोकलं? भिंतीपलीकडे गेलो, पाना उचलायला वाकलो, गोड वास आला. त्यानंतर हे इस्पितळाचं छत. भोंगासुद्धा ऐकला नाही मी." डॉक्टरांना विचारलं, तर तेही म्हणाले की असा वायू दोन मिनिटांत माणसाला आडवा करतो, वीस मिनिटं ठोकत बसायचं बळ कुठून येणार. आणि पाना तर दादाच्या अंगाखाली सापडला होता. मी इस्पितळाच्या जिन्यात बराच वेळ उभी राहिले. भर दुपारी मला थंडी वाजत होती.

दादा घरी आल्यावर पुढच्या रविवारी मास्तर विक्रोळीला आमच्या खोलीवर आले. दोन नारळ आणि आंबोळ्यांचं पीठ घेऊन आले होते. आईने पाया पडायला वाकून त्यांना लाजवलं. त्यांनी चहाला हात लावला नाही. दादाच्या खाटेजवळ स्टुलावर बसले, गुडघ्यांवर हात ठेवले आणि घसा खाकरला.

"माका एक सांग," ते म्हणाले. "तू ठोकलंस मां?"

आईने स्टोव्ह बंद केला. मी मास्तरांच्या पाठीमागे उभी होते आणि मला फक्त त्यांची मान दिसत होती, गळ्याचं बटण लावलेली, ताठ. वीस वर्षं हा माणूस याच एका उत्तराची वाट बघत होता. माझा दादा खोटं बोलत नाही. दुकानदाराने चुकून चार आणे जास्त दिले तर परत करायला दोन मजले उतरून जाणारा माणूस तो. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले.

"होय, मास्तर," दादा म्हणाला. "ठोकत होतो ना. तुमच्या नावानेच ठोकत होतो."

मास्तरांनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा. मग गार झालेला चहा उचलून एका दमात प्यायले. "जरा पाठ टेकतंय," असं म्हणून ते तिथेच आमच्या चटईवर, दारात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेत आडवे झाले आणि क्षणात झोपले. घोरायला लागले. आईने शेजारच्या पोरांना गप केलं. नळ आला तरी बायका त्यांना ओलांडून, हंडे उचलून धरून, पाय न वाजवता गेल्या. मी खाटेच्या कडेला बसून त्यांचं ते उघडं तोंड बघत होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की सांगता येत नाही.

दादाने माझा हात ओढला. त्याचे डोळे मोठे झाले होते.

"मग ठोकलं कोणी गं?"

"हळू बोल," मी म्हटलं. "उठतील ते."